जपानचे हिरोशी योशिदा आणि त्यांचे चित्रांचे घर

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कागदी पंखे, बाहुल्या, चेरीच्या फुलांनी लवलेल्या फांद्या आणि माथ्यावर बर्फ घेऊन बसलेला फुजी पर्वत उभा राहतो. हा पर्वत साऱ्या जगाच्या ओळखीचा झाला तो बराचसा चित्रांमुळे. आणि ही चित्रे कुंचल्याने एकेक रंगविलेली नसून लाकडी ठशांनी छापलेली असतात, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत अशा ठसेचित्रांचे एक मोठे चित्रकार हिरोशी योशिदा यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्याला कारणे दोन. एक म्हणजे हे गृहस्थ आपल्या देशात येऊन अजिंठा व वेरूळ पाहून गेले व त्यांची चित्रे त्यांनी काढली. दुसरे कारण असे की, त्यांच्या घरच्या बायकाही चित्रकार होत्या आणि त्यांची हकीगत आपण बायकांनी ऐकावी अशीच आहे.

हिरोशींचा जन्म १९ सप्टेंबर १८७६ रोजी जपानच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटावर कुरुमे या गावी झाला. त्यांचे मूळचे आडनाव उएदा. वडील शिक्षक होते. मुलाचा चित्रकलेकडे ओढा पाहून शाळेतील चित्रकलेचे शिक्षक कासाबुरो योशिदा यांनी १८९१ साली त्याला दत्तक घेतले, आणि उएदांचा मुलगा योशिदांचा झाला. पुढे तो शिकण्यासाठी प्रथम क्योतो शहरी व तेथून १८९४ साली टोकियोला गेला. त्याच साली दत्तक वडील वारले. मागे त्यांच्या पत्नी रुइबाई आणि मुली. अठराव्या वर्षी या सगळ्यांचा भार हिरोशींच्या अंगावर पडला. ज्या वयात मुलगा शिकून पुढे काय करणार याची काळजी आईबाप करतात, त्या वयात ते घराचे कर्ते झाले.

त्या काळी जपानात साहेबी पद्धतीच्या चित्रांना गिऱ्हाईक थोडे होते. तेव्हा १८९९ साली हिरोशी आपले मित्र हाचिरो नाकागावा यांच्याबरोबर पाण्याच्या रंगांची चित्रे घेऊन अमेरिकेला निघाले. भाषा धड येत नाही, खिशात पैसा बेताचा, अशी स्थिती. डेट्रॉइट शहरी एका धनिक रसिकाच्या नावाची चिठ्ठी जवळ होती, तर ते गृहस्थ गावाला गेलेले. म्हणून दोघे तेथल्या कलासंग्रहालयात गेले. तेथील अधिकाऱ्यांनी त्यांची चित्रे पाहिली आणि प्रदर्शनच मांडून दिले. चित्रे चांगली खपली. मग बॉस्टनला प्रदर्शन झाले, तेथून युरोप पाहून १९०१ साली दोघे घरी परतले. पुढच्याच वर्षी हिरोशींनी व त्यांच्या स्नेह्यांनी चित्रकारांची एक संस्था काढली. तिचे नाव ताइहेइयो गाकाइ, म्हणजे पॅसिफिक चित्रमंडळ.

आता फुजिओबाईंची ओळख करून देते. फुजिओ ही कासाबुरो योशिदांची मुलगी, जन्म १८८७ चा. वडील वारले तेव्हा ती अवघी सहा-सात वर्षांची होती. घरात चित्रकला होतीच, तिचाही हात चांगला होता. १९०३ साली हिरोशी पुन्हा परदेशी निघाले ते या सोळा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन. अमेरिकेत दोघांची चित्रे शेजारी शेजारी मांडली जात, आणि लोक तिच्या चित्रांचेही कौतुक करीत. पुढे युरोप, मोरोक्को, इजिप्त असे फिरत ती दोघे १९०७ साली मायदेशी आली व त्यांचे लग्न झाले. दत्तक भावाशी लग्न हे आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून मुलगा दत्तक घ्यायचा आणि घरच्याच मुलीशी त्याचे लग्न लावून द्यायचे, ही जपानातील जुनी चाल आहे. त्या काळात एका जपानी मुलीने चार वर्षे देशोदेशी हिंडून स्वतःची चित्रे विकावीत, ही केवढी गोष्ट म्हणायची!

पण संसार सुरू झाल्यावर तिच्यापुढे दुसरेच ताट वाढून ठेवले होते. पहिली मुलगी चिसातो लहानपणीच गेली. १९११ साली मुलगा झाला, त्याचे नाव तोशी. त्याचा एक पाय बालपणीच आजाराने अधू झाला. दुसरा मुलगा होदाका १९२६ चा. मुलांचे करता करता फुजिओबाईंचे चित्रांचे काम पुष्कळ कमी झाले. याविषयी आपल्याला निराळे सांगायला नको. घरोघरी गाणारी, भरतकाम करणारी, रांगोळी रेखणारी बाई असते आणि पहिल्या दोन मुलांच्या पाठीमागे ती कला कोठे जाते ते तिलाही कळत नाही.

आता ठसेचित्रांकडे वळू. हिरोशी मूळचे तैलचित्रे व पाण्याच्या रंगांची चित्रे काढणारे. ठशांची कला जपानात फार जुनी. होकुसाई (१७६०–१८४९) आणि हिरोशिगे (१७९७–१८५८) हे तिचे थोर पुरुष. त्या काळी हे काम चौघांत वाटलेले असे. चित्रकार चित्र काढी, कोरणारा लाकूड कोरी, छापणारा छापी आणि पैसा घालून विकण्याचे काम प्रकाशक करी. पुढे छापखाने व फोटो आल्यावर ही कला मागे पडली. टोकियोतील शोझाबुरो वातानाबे या प्रकाशकांनी तिला पुन्हा वर काढण्याचे मनावर घेतले आणि १९२० सालच्या सुमारास हिरोशींकडून ठशांसाठी चित्रे करून घेतली. तेव्हा हिरोशी चव्वेचाळीस वर्षांचे होते.

काम रुळते न रुळते तोच १ सप्टेंबर १९२३ चा दिवस उजाडला. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटे होती. घरोघरी चुली पेटलेल्या, जेवणाची तयारी चाललेली. अशा वेळी टोकियो व योकोहामा शहरांना भूकंपाचा भयंकर धक्का बसला. लाकडी घरे पडली, चुलींतला विस्तव त्यांना लागला आणि वाऱ्याने आग गावभर पसरली. एक लाखाहून अधिक माणसे गेली. वातानाबेंचे दुकान जळाले. त्यात हिरोशींच्या चित्रांचे कोरलेले ठसे आणि छापून ठेवलेल्या प्रती, सर्वांची राख झाली.

अशा वेळी माणूस कपाळाला हात लावून बसतो. हिरोशी मात्र आपल्या चित्रमंडळातील भावंडांची चित्रे गोळा करून, ती विकून त्यांना मदत व्हावी म्हणून, त्याच वर्षाअखेर फुजिओबाईंसह पुन्हा अमेरिकेला निघाले. तेथे त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. तैलचित्रांना फारसे कोणी विचारीना. पण जपानी ठसेचित्रांना मागणी फार, आणि अगदी सुमार दर्जाची चित्रेही चांगल्या किमतीला जात. आपल्या देशाची एवढी सुंदर कला आणि तिच्या नावावर परक्या बाजारात असला माल खपतो, हे त्यांच्या मनाला लागले. १९२५ साली घरी आल्यावर त्यांनी स्वतःचाच कारखाना काढला. कोरणारे व छापणारे कारागीर पगारावर ठेवले, आणि मधला प्रकाशक काढून टाकला. पन्नाशीला टेकलेला माणूस नवे दुकान मांडतो, याला लोकांनी नावे ठेवली नसतील असे नाही. पण त्यांची खरी कीर्ती येथूनच सुरू झाली.

ही चित्रे होतात कशी, ते आता थोडक्यात सांगते. यातील बरेचसे साहित्य आपल्या ओळखीचे आहे. प्रथम पातळ कागदावर रेखाटन करतात. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर पालथा चिकटवून रेघा तेवढ्या उंच ठेवतात आणि बाकीचे लाकूड कोरून काढतात. हा झाला मुख्य ठसा. मग प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा कोरावा लागतो. रंग पाण्यात कालवून त्यात तांदळाची खळ घालतात आणि ब्रशाने ठशावर लावतात. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा; रंग फुटू नये म्हणून त्याला तुरटी व सरस यांचे पाणी दिलेले असते. कागद ओलसर करून ठशावर ठेवायचा आणि वरून बांबूच्या सोपटात बांधलेल्या गोल चकतीने हाताने घासायचा. या चकतीला बारेन म्हणतात. यंत्र कोठेही नाही. प्रत्येक ठशावर कागद नेमका बसावा म्हणून कोपऱ्यात खाच ठेवलेली असते. ती चुकली की झाडाचा हिरवा रंग आभाळात गेलाच म्हणून समजा. आपण रांगोळीत एका रंगावर दुसरा रंग भरतो तेव्हा हात किती जपावा लागतो ते आठवा, म्हणजे या कामाची कल्पना येईल.

हिरोशींचे एकेक चित्र सरासरी तीसहून अधिक वेळा ठशाखाली जाई. निक्को येथील देवळाच्या योमेइ दरवाजाचे १९३७ सालचे चित्र तर शहाण्णव वेळा छापून पुरे झाले आहे. चित्रकाराला कोरणाऱ्यापेक्षा व छापणाऱ्यापेक्षा त्यांच्या कामातले अधिक कळले पाहिजे, असे त्यांचे मत होते. म्हणून ते स्वतः कोरायला व छापायला शिकले आणि कारागिरांच्या डोक्याशी उभे राहून काम करून घेत. जे काम त्यांच्या देखरेखीखाली मनासारखे उतरले, त्याच्या समासात ते ‘जिझुरी’ असा शिक्का मारीत. जिझुरी म्हणजे स्वतः छापलेले. आजही रसिक चित्र घेताना आधी हा शिक्का पाहतात, कारण त्यांच्या पश्चात काढलेल्या प्रतींवर तो नसतो.

आणखी एक युक्ती त्यांनी फार सुंदर वापरली. जपानच्या आतल्या समुद्रातील शिडांच्या होड्यांचे १९२६ सालचे त्यांचे चित्र आहे. तेच ठसे, तीच होडी, तेच पाणी. फक्त रंग बदलून त्यांनी त्याची सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशी निरनिराळी चित्रे केली. सकाळी सोनेरी पाणी, धुक्यात सारे पुसट, आणि रात्री होडीवरच्या दिव्याची तेवढी पाण्यात लकेर. एकाच ठिकाणी बसून दिवसभर समुद्र पाहावा तसे वाटते.

डोंगरांचे त्यांना अतोनात वेड. जपानच्या उंच पर्वतांत ते उन्हाळ्यामागून उन्हाळे हिंडले, तंबू ठोकून राहिले आणि सूर्य उगवायच्या आधी उठून रंग टिपून घेतले. होताका नावाच्या एका शिखरावर त्यांचा इतका जीव होता की, धाकट्या मुलाचे नाव त्यांनी त्यावरूनच होदाका ठेवले.

हिमालय पाहण्याची इच्छा त्यांना होतीच. १९३० सालच्या अखेरीस ते थोरल्या तोशीला बरोबर घेऊन हिंदुस्थानाकडे निघाले. तोशी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पाय अधू म्हणून मुलाला घरी बसवून ठेवावे असे या बापाला वाटले नाही. दोघे बापलेक कित्येक महिने फिरले. दार्जिलिंगहून कांचनगंगा पाहिली, काशीचे घाट पाहिले, आग्रा, फत्तेपूर सिक्री, दिल्ली, अमृतसरचे सुवर्णमंदिर, उदेपूरचे पाण्यातले महाल, सांचीचा स्तूप, दक्षिणेकडे मदुरेचे देऊळ असे सर्व पाहून वह्या भरल्या. घरी गेल्यावर १९३१ व १९३२ या दोन वर्षांत त्यांनी त्यांची ठसेचित्रे केली. ताजमहालाची तर कितीतरी केली, पहाटेच्या धुक्यातला ताज निराळा आणि चांदण्यातला निराळा.

याच मालिकेत आपली अजिंठा व वेरूळची लेणीही आहेत. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. आपल्यापैकी पुष्कळजणी घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेल्या असतील तेव्हा लेण्यांतूनही हिंडून आल्या असतील. बाहेर रणरणते ऊन आणि आत पाऊल टाकताच गारवा व काळोख, हा अनुभव आपल्याला आहे. त्याच उन्हात आणि त्याच काळोखात एक परका माणूस आपल्या अधू पायाच्या मुलासह वही घेऊन बसला होता, ही कल्पना मला फार हृद्य वाटते. अजिंठ्यात कोरलेला बुद्ध जपानी लोकांच्या घरच्या देवासारखाच. तेव्हा ते लेणे त्यांना परके तरी कसे म्हणावे? शिवाय दगड कोरून काढल्यावर जे उरते ते शिल्प, लाकूड कोरून काढल्यावर जे उरते तो ठसा. तेथल्या कारागिरांची मेहनत ठसे कोरणाऱ्याला जितकी कळेल तितकी इतरांना क्वचित कळेल.

हिरोशींनी आयुष्यात अडीचशेहून अधिक ठसेचित्रे केली. अमेरिकेतील टोलेडो शहराच्या संग्रहालयाने १९३० व १९३६ साली जपानी ठसेचित्रांची मोठी प्रदर्शने भरविली, त्यांत त्यांना मानाचे स्थान होते. १९३९ साली या कलेची सर्व रीत सांगणारे पुस्तक त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केले. आपली विद्या झाकून ठेवली नाही. पुढे युद्धाचे दिवस आले. चीनच्या युद्धभूमीवर चित्रकार म्हणून त्यांना पाठविण्यात आले होते, तेही त्यांच्या चरित्रात आहे आणि सांगायलाच हवे. युद्ध संपल्यावर टोकियोत आलेल्या अमेरिकन लोकांची त्यांच्या घरी ये-जा असे आणि ते त्यांना ठसे कसे करतात ते दाखवीत. ज्यांच्याशी कालपर्यंत युद्ध होते त्यांच्यापुढे चेरीचे लाकूड व खळ घेऊन बसायचे, हे सोपे नसणार. ५ एप्रिल १९५० रोजी त्यांचे निधन झाले. इंग्लंडची राजवधू डायना हिच्या कामाच्या खोलीतही त्यांची चित्रे लावलेली होती.

एरवी चरित्र येथे संपते. मला मात्र यापुढची हकीगतच अधिक महत्त्वाची वाटते.

नवरा गेला तेव्हा फुजिओबाई बासष्ट वर्षांच्या होत्या. आता देवाचे नाव घ्यायचे वय, असे आपल्याकडे कोणीही म्हणाले असते. या बाईंनी त्या वयाला नवी वाट धरली. फुलांकडे त्यांनी इतके जवळून पाहिले की, फूल फूल राहिले नाही; नुसत्या पाकळ्यांच्या वळणांनी आणि रंगांनी सगळा कागद भरला. १९५३-५४ च्या सुमारास त्यांनी अशा फुलांची ठसेचित्रे केली. त्यांत आपल्या परसातली तांबडी कर्दळही आहे. नवऱ्याच्या डोंगरांशी व समुद्राशी त्यांचे काही नाते नाही. ती पाहिली की वाटते, ही चित्रे बाईंच्या मनात कित्येक वर्षे थांबून राहिली असतील. फुजिओबाई १९८७ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर असताना वारल्या.

मुलांनीही बापाची नक्कल केली नाही. तोशी जनावरांच्या चित्रांबद्दल प्रसिद्ध झाले. आफ्रिकेतील हत्ती, सिंह त्यांनी ठशांत आणले. होदाकाने शास्त्रज्ञ व्हावे अशी वडिलांची इच्छा होती, पण तेही चित्रकारच झाले आणि अगदी नव्या तऱ्हेची चित्रे करू लागले. दोघेही भाऊ १९९५ साली वारले. होदाकांचे लग्न १९५३ साली चिझुको या चित्रकार मुलीशी झाले. म्हणजे सासू चित्रकार आणि सूनही चित्रकार!

या चिझुकोबाईंची एक गोष्ट आपल्या मंडळात आवर्जून सांगण्यासारखी आहे. ठसे कोरणे व छापणे हा जपानात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचा धंदा. बायकांच्या कामाकडे कोण पाहणार? तेव्हा १९५६ साली चिझुकोबाई व त्यांच्यासारख्या काही जणींनी मिळून ठसेचित्रे करणाऱ्या बायकांचे स्वतंत्र मंडळ काढले. अशा प्रकारचे जपानातले ते पहिलेच. सुमारे दहा वर्षे ते चालले, त्यांनी आपली प्रदर्शने भरविली आणि बायकांची नावे लोकांपुढे आली. चिझुकोबाई २०१७ साली, नव्वदी उलटल्यावर गेल्या. त्यांची मुलगी आयोमी, जन्म १९५८ चा, हीही ठशांचेच काम करते. चेरीच्या पाकळ्या ठशांनी छापून त्यांनी भिंतीच्या भिंती भरून टाकण्याची तिची रीत आहे. २०२४ साली लंडनमधील डलिच येथील चित्रसंग्रहालयात योशिदा घराण्याच्या तीन पिढ्यांचे प्रदर्शन झाले, तेव्हा आजोबा-आजीच्या चित्रांबरोबर या नातीच्या चेरीच्या फुलांनीही तेथील खोली फुलली होती.

दत्तक आलेल्या एका मुलाने सासरमाहेर एकच झालेल्या या घराचे नाव जगभर नेले, हे खरेच. पण रुइबाईंनी विधवापणी घर धरून ठेवले नसते, फुजिओबाईंनी म्हातारपणी पुन्हा रंग हातात घेतले नसते, आणि सुनेला व नातीला त्या घरात आपापले काम करण्याची मोकळीक नसती, तर आज या घराण्याच्या इतक्या पिढ्यांची चित्रे एका जागी पाहायला मिळाली असती का? घराणे चालते ते नावाने तर चालतेच, पण घरातल्या हातांनीही चालते, आणि त्यांतले अर्धेअधिक हात बायकांचे असतात.

आपल्या मंडळात शिवण, भरतकाम, रांगोळी, वाती, पापड-कुरडया असे नाना उद्योग चालतात. पुष्कळजणी म्हणतात, आता मुलांची लग्ने झाली, आता काय नवीन शिकायचे? त्यांनी बासष्टाव्या वर्षानंतरची ती तांबडी कर्दळ एकदा डोळ्यांसमोर आणावी. मुलीसुनांनी काही वेगळे करायचे म्हटले तर चिझुकोबाईंच्या सासूबाईही आठवाव्यात. आणि पुढच्या वेळी वेरूळला गेलात तर लेण्याच्या तोंडाशी जरा थांबून बाहेरचे ऊन व आतला काळोख नीट पाहा. कोणा दूरदेशीच्या माणसाला त्यांत जन्मभर पुरेल एवढे दिसले होते. एवढे सांगून लेखणी खाली ठेवते आणि मंडळाला दीर्घ आयुष्य चिंतिते.